एचपीव्ही चाचणी ‘निगेटिव्ह’, तरीही गर्भाशयमुखाचा कर्करोग

गर्भाशयमुखाच्या बहुतांश कर्करोगांमागे मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही असतो. हा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र काही मोजके कर्करोग या विषाणूविनाही उद्भवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या वर्गीकरणात त्यांना ‘एचपीव्ही-निरपेक्ष’ असे स्वतंत्र स्थान दिले.

या गटातील सर्वाधिक आढळणारा प्रकार जठरसदृश ग्रंथी-कर्करोग होय. त्याच्या पेशी जठरातील श्लेष्मल पेशींसारख्या दिसतात. तो बहुधा गर्भाशयमुखाच्या नलिकेत वरच्या भागात वाढतो. त्यामुळे डोळ्यांनी केलेल्या तपासणीत किंवा पॅप चाचणीतही तो निसटू शकतो. उशिरा निदान होणे आणि लवकर पसरणे ही त्याची घातक वैशिष्ट्ये आहेत.

‘निगेटिव्ह’ अहवालाचा अर्थ मात्र प्रत्येक वेळी विषाणूचा अभाव असा नसतो. नमुना अपुरा असणे, विषाणूचे प्रमाण अत्यल्प असणे किंवा चाचणी ज्या जनुकीय भागाचा शोध घेते तोच भाग नष्ट झालेला असणे, यांमुळेही विषाणू हुकू शकतो.

म्हणून ही चाचणी निरुपयोगी ठरत नाही. तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. चाचणी निगेटिव्ह आलेल्या स्त्रियांमध्ये पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण लाखामागे वर्षाला सुमारे ३.७ इतके अल्प होते; पॅप चाचणी निगेटिव्ह आलेल्यांत ते १५.५ होते. अर्थात, धोका फार कमी होतो, शून्य होत नाही.

एचपीव्ही लस बहुतांश कर्करोग टाळू शकते, विषाणू-निरपेक्ष कर्करोग टाळू शकत नाही. त्यामुळे रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, संबंधानंतरचा रक्तस्राव, सतत पाण्यासारखा स्राव किंवा ओटीपोटातील टिकून राहणारे दुखणे असल्यास निगेटिव्ह अहवालावर विसंबू नये. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी, सोनोग्राफी आणि आवश्यक तेथे नलिकेतील ऊतींचा तुकडा काढून परीक्षण करणे गरजेचे ठरते. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाईसारख्या, मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या गावांत तर ‘अहवाल चांगला आहे’ या समजुतीने गेलेले काही महिनेही महागात पडू शकतात.