ओरखडा आणि पाठ

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच जेथे लागते ते रेवस म्हणजे धरमतर खाडीच्या मुखाशी असलेले अलिबाग तालुक्याचे टोक. प्लेस्टेशनच्या खेळांच्या तबकड्या घरोघर पोहोचल्या त्या काळात त्यांची मोठी बाजारपेठ होती लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाण्यापलीकडे. तबकडी घासून देणारे यंत्रही तिकडेच. साहजिकच ओरखडा पडला की पहिला उपाय घरचा: पांढरी टूथपेस्ट आणि मऊ सुती कापड.

या घासण्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने वळून पाहावे असे आम्हांस वाटते, कारण पाठचिकित्सेतला एक जुना प्रश्न त्यात दडला आहे. मजकूर नष्ट झाला आहे, की केवळ वाचता येईनासा झाला आहे?

ग्रामोफोनच्या तबकडीत हा भेद नव्हता. तेथे खाच हाच स्वर. ओरखडा गाण्याचाच भाग होऊन बसे, आणि सुई मागच्या खाचेत घसरली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू येई. 'रेकॉर्ड अडकली' हा वाक्प्रचार मराठीला त्यातूनच मिळाला. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने मजकूर आणि पृष्ठभाग वेगळे केले. लेसरचा किरण खालून सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक प्लास्टिकमधून आत जातो. मजकूर त्याच्या पलीकडे असतो. म्हणून खालचा ओरखडा हा खिडकीच्या काचेवरचा ओरखडा. छापील बाजूला मात्र धातूच्या थरावर लाखेचा पातळ लेप तेवढा असतो. लोक नेमके तिलाच निर्धास्तपणे बॉलपेन लावत!

थोडे बिघडलेले वाचता यावे याची तजवीज मजकुरातच केलेली असते. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीने मूळ अंकांबरोबर पडताळ्याचे जादा अंक लिहिले जातात. शिवाय लगतची माहिती दूरदूर विखुरली जाते, म्हणजे एका ओरखड्याने एक सबंध वाक्य जात नाही. येथे वेदपठणाच्या जटा आणि घन पाठांची आठवण होते. पदे उलटसुलट गुंफून म्हटली की चूक तेथल्या तेथे उघडी पडते. (यावरून 'आमच्याकडे हे सारे आधीच होते' असे कोणी म्हणू नये. गरज सारखी, वाटा निराळ्या.)

गाण्यातला हरवलेला क्षण यंत्र शेजारच्या स्वरांवरून अदमासाने भरते आणि कानाला कळतही नाही. खेळाच्या आज्ञावलीत असा अदमास चालत नाही. म्हणून संगणकीय सीडीत २३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडात दुरुस्तीसाठी आणखी २७६ बाइट राखून ठेवलेले असतात. तेही अपुरे पडले की पडदा 'लोडिंग'वर थिजतो.

घासताना हात केंद्राकडून कडेकडे सरळ न्यावा, गोल फिरवू नये, या सूचनेचे कारण हेच. वाचनाची वाट चक्राकार आहे. तिला आडवा गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडेच बिघडवतो. वाटेच्या दिशेने गेलेला सलग एवढे खातो की दुरुस्तीचे गणित हरते.

आणि घासणे म्हणजे काही परत मिळवणे नव्हे. चराच्या आसपासचे प्लास्टिकही झिजवून पृष्ठ सपाट करायचे, एवढेच. अर्थात ही दुरुस्ती अमर्याद नाही. डीव्हीडीत मजकुरावरचा थर ०.६ मिलिमीटरवर आला, आणि २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ बरोबर आलेल्या ब्लू-रेमध्ये तो अवघा ०.१ मिलिमीटर उरला. त्याच्या रक्षणाला कठीण लेप दिला खरा, पण घासून काढण्याजोगे त्यात काही राहिले नाही. टूथपेस्टची विद्या तेथे संपली.

२००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी 'देसी अड्डा : गेम्स ऑफ इंडिया' निघाला. त्यात कबड्डी आहे, विटीदांडू आहे. मराठी दोलामुद्रितांच्या याद्या आपल्याकडे मोठ्या निष्ठेने झाल्या. या तबकड्यांचीही कोणी करावी. तोवर ज्यांच्या घरी ती असेल त्यांनी ती डबीत उभी ठेवावी, आणि छापील बाजूवर नाव घालू नये.