‘फक्त सर्जनलाच विचारा’ : एका शहाण्या सल्ल्याचं खंडन

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की सुशिक्षित घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘‘हा डॉक्टरांचा विषय आहे. फक्त सर्जनना विचार. ज्यांनी ऑपरेशन करून घेतलंय त्यांच्या गोष्टी ऐकत बसू नकोस.’’ वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांचा सूर हाच, बहुतेक सर्जनांचाही हाच. त्याला हरकत घेणारा माणूस अडाणीपणाची वकिली करतो, असं धरून चाललं जातं. मला हा सल्ला अर्धाच खरा वाटतो, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग पेशंटला महागात पडतो.

पूर्वपक्ष मात्र आधी नीट मांडायला हवा, कारण तो कच्चा नाही. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा बाहेर काढतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. स्टेपलच्या रेषेतून गळती झाली, आत रक्तस्राव झाला, पायाच्या शिरेतली गुठळी फुप्फुसात गेली, तर काय करायचं हे ज्याने असे प्रसंग निस्तरले आहेत त्यालाच विचारावं. सहरुग्णापाशी एकच पोट असतं, स्वतःचं.

शिवाय काही गोष्टी एका माणसाच्या अनुभवात मावतच नाहीत. स्वीडनमध्ये १९८७ साली एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यात शस्त्रक्रिया केलेले २,०१० आणि न केलेले २,०३७ स्थूल लोक होते. शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत पहिल्या गटातले ५ जण दगावले. पुढच्या वर्षांत मात्र याच गटात मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार त्यांचं आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ३ वर्षांनी जास्त निघालं. आता हे कुठल्या सहरुग्णाला विचारून कळणार? जे दगावले ते अनुभव सांगायला येत नाहीत, आणि जो वाचला त्याला आपण कशातून वाचलो हे कळायला मार्ग नसतो. नितीन गडकरींनी २०११ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली. ‘गडकरींनी केलं, त्यांना काही झालं का?’ हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद. त्यात अंश आहे, छेद नाही.

पूर्वपक्षाचा सर्वांत जड मुद्दा वेगळाच आहे. शस्त्रक्रियेनंतर एखादीला सारख्या उलट्या होत असतात, आणि अनुभवी मैत्रीण प्रेमाने सांगते, ‘‘सगळ्यांनाच होतात गं, आठवडाभर कळ काढ.’’ उलट्या थांबल्या नाहीत तर काही आठवड्यांत शरीरातलं थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत जातं आणि मेंदूला इजा होते. ही इजा कधी कधी पुरती भरून निघत नाही. बायपासनंतर गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेतल्या तर जोडावर व्रण होऊ शकतो. ‘मी घेते, मला काही होत नाही’ हे वाक्य इथे धोक्याचं आहे. लक्षणं, औषधं, मात्रा यांबाबत सहरुग्णाचा दिलासा ऐकू नये, हे मला पूर्ण मान्य आहे.

वाद पुढे सुरू होतो. ‘फक्त’ या शब्दामागे एक गृहीतक आहे : सर्जनपाशी मोजलेलं ज्ञान असतं आणि पेशंटपाशी नुसत्या कहाण्या. पण ते मोजलेलं ज्ञान तरी किती पक्कं? २०१४ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक आढावा आला. ७,३७१ अभ्यास चाळल्यावर, किमान २ वर्षं आणि किमान ८० टक्के पेशंटचा पाठपुरावा केलेले अभ्यास हाती लागले फक्त २९. बाकीच्यांत मधेच पेशंट गळाले होते, किंवा मोजणीच लवकर थांबली होती.

गळतं कोण, याचा जरा विचार करू. कुणाची बदली होते, कुणाचे पैसे संपतात, कुणी अगदी ठणठणीत असतो म्हणून येत नाही. आणि कुणाचं वजन पुन्हा चढलेलं असतं. त्याला काट्यावर उभं राहायची लाज वाटते. ‘‘डॉक्टरांनी एवढं केलं आणि मी घालवलं,’’ असं म्हणत तो दुसऱ्याच डॉक्टरकडे मधुमेहाच्या गोळ्या घेत राहतो. सर्जनच्या खुर्चीतून ही गैरहजेरी दिसत नाही. दिसतो तो नियमित येणारा, सडपातळ झालेला, पेढे घेऊन येणारा पेशंट. सर्जन कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या छेदालाही गळती असते.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही ‘फक्त’ म्हणणाऱ्याला जरा बेतानं बोलायला लावील असा आहे. १९५०च्या दशकात लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी एक शस्त्रक्रिया निघाली. वजन भराभर उतरायचं. पुढे मूतखडे, यकृत निकामी होणं असे प्रकार समोर आले आणि ती मोडीत निघाली. मग जठराभोवती बसवायचा, सैल-घट्ट करता येणारा पट्टा आला. अमेरिकेत २००१ साली त्याला मान्यता मिळाली. २०११ साली तिथल्या अशा शस्त्रक्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक या पट्ट्याच्या होत्या. २०१९पर्यंत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. पट्टा सरकायचा, जठराच्या भिंतीत रुतायचा, घास अडकायचा, शेवटी काढावा लागायचा. ज्या दिवशी सर्जनने ‘हा सुरक्षित आहे, परतही काढता येतो’ असं सांगितलं, त्या दिवशी तो खोटं बोलत नव्हता. मात्र तेव्हा त्याच्यापाशी पुढच्या दहा वर्षांचा हिशेब नव्हता, आणि सल्ला तर जन्मभरासाठीचा होता.

यावरून ‘म्हणजे पेशंटच खरे’ असा निष्कर्ष कुणी काढला तर तोही चुकेल. पट्टा मोडीत निघाला तो शेवटी सर्जनांनीच चिकाटीने केलेल्या मोजणीमुळे. पण काय मोजायचं, हे पुष्कळदा पेशंटच्या कुरबुरीतून सुचतं. बायपासनंतर दारू थोडक्यात आणि चटकन चढते, काहींची सवय हाताबाहेर जाते, ही कुजबुज पेशंटांमध्ये आधीपासून होती. २०१२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीने ती आकड्यांत पकडली : मद्याच्या आहारी जाण्याचं प्रमाण पहिल्या वर्षी ७.३ टक्के होतं, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झालं. कहाणी आणि मोजणी यांचं नातं असं आहे. कहाणी ऐकूच नका म्हणणारा उद्याच्या मोजणीची वाट बंद करतो.

आणि काही प्रश्न तर सर्जनचे नसतातच. आहारतज्ज्ञ छापील तक्ता देते : आधी पाणी, ताक, डाळीचं निवळ पाणी; मग घोटलेलं; मग गुरगुट्या भातासारखं मऊ. रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, जेवताना पाणी प्यायचं नाही. तक्ता बरोबरच असतो. पण शाकाहारी घरात, चार चमच्यांत पोट भरणाऱ्या बाईने ६० ग्रॅम गाठायचे कसे? एकादशीला घरभर साबुदाण्याची खिचडी असते, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. पोळीचा घास छातीत अडकला की पंगतीतून बोभाटा न होता कसं उठायचं? यजमानीण जिलेबी घेऊन समोर उभी आहे, बायपास झालेल्या बाईला गोडाने धडधड, घाम आणि चक्कर येते, आणि ‘‘एवढीशी घे गं’’ला आपल्याकडे ‘नको’ हे उत्तर चालत नाही. तिसऱ्या महिन्यात केस गळू लागतात. ते बहुधा पुन्हा येतात हे सर्जन सांगतो. दरम्यान विंचरताना रोज जे हातात येतं त्याचं काय करायचं, हे जिचे गळून परत आले तीच सांगते.

गर्भधारणेचंच घ्या. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नयेत, असं डॉक्टर सांगतात, त्याला सबळ कारणं आहेत. पण आपल्याकडे पुष्कळ मुली ही शस्त्रक्रिया लग्नाच्या आगेमागे करून घेतात. स्थळाला सांगायचं की लपवायचं? लग्नानंतर सहाव्या महिन्यात ‘गोड बातमी’ची चौकशी सुरू झाली की सासूबाईंना काय सांगायचं? सर्जनच्या वीस मिनिटांत हे प्रश्न येत नाहीत, आणि आले तर तो बिचारा ‘घरच्यांना समजावून सांगा’ एवढंच म्हणेल. त्यात त्याची चूक नाही. त्याला सासू नाही.

‘यशस्वी’ ठरवायचं कशावरून, यावरही दोघांची मापं वेगळी असतात. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमदला मालवाहू विमानाने मुंबईला आणलं होतं. तिचं वजन सुमारे ५०० किलो असल्याचं सांगितलं जात होतं. स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, आणि वजन तीनशेहून अधिक किलोंनी उतरल्याचं रुग्णालयाने जाहीर केलं. तिच्या बहिणीने मात्र हे दावे खोटे असल्याचा जाहीर आरोप केला. रुग्णालयाने तो फेटाळला. मे महिन्यात इमानला अबुधाबीला हलवलं, आणि सप्टेंबरमध्ये तिचं तिथे निधन झालं. त्या वादात खरं-खोटं कुणाचं, याचा निवाडा मी करणार नाही. पण वजनाचा आकडा बाजूला ठेवला तरी बहिणीचा प्रश्न उरत होता : ही बसू-बोलू कधी लागणार? एक बाजू काट्याकडे बघत होती, दुसरी अंथरुणाकडे.

आपल्याच परंपरेत या वादाला उपयोगी पडेल असा विचार आहे. न्यायदर्शनात शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं, हे एक प्रमाण मानलं आहे. असा विश्वासू कोण, तर वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने ती वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जी जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे, असंही तो सांगतो. अधिकार पदवीला चिकटलेला नाही, विषयाला चिकटलेला आहे. जठराच्या रक्तवाहिन्या सर्जनने जाणल्या आहेत. शस्त्रक्रियेनंतरचं चौथं वर्ष त्याने जाणलेलं नाही, फक्त तपासलं आहे.

मात्र लक्षणाची दुसरी अटही तितकीच कडक आहे, आणि तिथे दोघेही अडखळतात. सर्जनचा पैसा या शस्त्रक्रियेत असतो हे उघड आहे. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की जे आपल्याला उत्तम येतं तेच समोरच्याला हवं आहे, असं प्रामाणिक कारागिरालाही वाटतं. सहरुग्णाची गाठ आणखी चिवट असते. कापलेलं जठर परत येत नाही. ज्याने काही लाख रुपये आणि पाऊण जठर दिलं, त्याला ‘मी केलं ते बरोबर केलं’ असं वाटणं भागच असतं. ज्याचं बिनसलं त्याला सगळी शस्त्रक्रियाच फसवणूक वाटते. दोघांचंही ऐकावं, निकाल मात्र दोघांकडेही देऊ नये.

त्यातही सहरुग्ण किती जुना आहे, हे आधी बघावं. स्वीडनच्या त्याच अभ्यासात सरासरी वजनघट २ वर्षांनी २३ टक्के होती आणि १० वर्षांनी १७ टक्के. म्हणजे लाभ टिकला, पण उतारावरून थोडं मागे येऊन. सर्वांत उत्साहाने बोलणारा सहरुग्ण बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षातला असतो, आणि नव्याचे नऊ दिवस इथे दीड-दोन वर्षं चालतात. रुग्णालयाच्या मेळाव्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंसह मंचावर बसतात तेही हेच. ‘सहरुग्णांचं ऐकू नका’ म्हणणारीच मंडळी निवडक सहरुग्णांना मंचावर बसवतात, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

विसंगती तेवढ्यावर थांबत नाही. सर्जनांच्या संघटनांची मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात की शस्त्रक्रियेनंतर पेशंटने आधारगटात जात राहावं. गटात जाणाऱ्यांचं वजन अधिक उतरतं असंही अभ्यासांत दिसलं आहे (अर्थात ज्यांचं उतरतं तेच उत्साहाने जात असतील, हा संशय इथेही राहतोच). म्हणजे सहरुग्णाचं ऐकणं शस्त्रक्रियेनंतर पथ्य आणि शस्त्रक्रियेआधी कुपथ्य! पुढची पन्नास वर्षं ज्यांच्या सोबतीने काढायची, त्यांना सही करण्याआधी भेटायचं नाही, याला तर्क काय?

तेव्हा ‘करू का?’ हा प्रश्न घेऊन दोघांकडेही जाऊ नये. सर्जनला विचारावं : माझ्यासारख्या शंभर जणांपैकी तुमच्या हातून किती जणांना गंभीर गुंतागुंत झाली, पाच वर्षांनंतर किती जण अजून तुमच्याकडे येतात, आणि जे येत नाहीत त्यांचं काय झालं हे तुम्हाला कसं कळतं? सहरुग्णाला विचारावं : घरात काय बदललं, कशाची तयारी नव्हती, जन्मभराच्या गोळ्या आणि रक्ततपासण्यांना वर्षाकाठी किती लागतात, सैल कातडीचं काय केलंस? आणि सर्जनला आणखी एक विनंती करावी : तुमच्या ज्या पेशंटचं वजन परत चढलं अशा एखाद्याची हरकत नसेल, तर त्याच्याशी माझी गाठ घालून द्याल का? नाव गुप्त ठेवण्याचं बंधन त्याच्यावर असतं, त्यामुळे तो लगेच नंबर देणार नाही, देऊही नये. पण ‘विचारून सांगतो’ म्हणणारा सर्जन आणि ‘माझ्याकडे तसं कुणी नाही’ म्हणणारा सर्जन यांच्यातला फरक पेशंटला तिथेच, फी भरण्याआधी, कळतो.