मंडईतला ब्रिक गेम आणि काळा थेंब

दिवाळी सरली की ब्रह्मपुरीच्या आसपास गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री झाडीपट्टीचे नाटक. आजचा धागा अशा बाजारात मिळणाऱ्या एका खेळण्याविषयी आहे: पेन्सिल सेलवर चालणारा, अंगावर '९९९९ इन १' मिरवणारा ब्रिक गेम. (हा आकडा म्हणजे निव्वळ व्यापारी अतिशयोक्ती. मोजकेच खेळ वेग आणि पातळी बदलून पुन्हा पुन्हा मोजलेले!)

त्याचे कूळ मॉस्कोचे. १९८४ साली अलेक्सी पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' रचला. १९८९ साली आलेल्या निन्टेंडोच्या गेमबॉयने तो जगाच्या तळहातावर ठेवला. ब्रिक गेम हे त्याचे विनापरवाना, स्वस्त भावंड.

जतनाच्या दृष्टीने मात्र या भावंडांचे नशीब निराळे. गेमबॉयचा खेळ सुट्या कॅसेटमध्ये असतो. ती वाचकयंत्राला जोडली की आतील आज्ञावलीची प्रत निघते आणि कॅसेट शाबूत राहते. पुढे एम्युलेटर संगणकावर जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग वठवतो.

ब्रिक गेम उघडला की सर्किटवर काळ्या रेझिनचा एक थेंब दिसतो. त्याखाली चिप, आणि खेळ त्या चिपमध्येच कोरलेला. तो वाचण्याचा एक मार्ग म्हणजे रेझिन आम्लाने विरघळवून, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन एकेक बिट टिपणे. प्रत मिळते, पण यंत्राचा बळी जातो. शिवाय पडद्यावरील २०० चौकोनांपैकी कोणता कधी काळा होतो, हेही जुळवावे लागते.

तरीही हे घडले आहे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली सुरू केलेल्या 'मेम' या एम्युलेटरमध्ये 'ई-२३ प्लस मार्क २' हा ९६ खेळांचा ब्रिक गेम चालतो. त्याची चिप तैवानच्या होल्टेकची, आज्ञावली जेमतेम ४ किलोबाइटची.

२०२३ सालच्या एका अमेरिकी अभ्यासानुसार गेमबॉयचे ६ टक्क्यांहूनही कमी खेळ तिथे अधिकृतपणे उपलब्ध होते. नामांकित यंत्राची ही गत. निर्मात्याचे नावही नसलेल्या ब्रिक गेमला वाली कोण? भारतीय प्रताधिकार कायद्याचे (१९५७) कलम ५२ कायदेशीर ताबेदाराला आज्ञावलीची राखीव प्रत करू देते, वाटू देत नाही. पण प्रत काढण्याआधी वस्तू तर उरायला हवी.

तुमच्या पेटीत एखादा ब्रिक गेम असेल, तर आधी सेल काढा; गळलेला सेल आतील पट्ट्या खातो. मग सर्किटची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि त्यावर छापलेला क्रमांक टिपून ठेवा. काळ्या थेंबाला मात्र हात लावू नका.