बघण्यासाठी काढलेली रेघ

बीएस्सीला लंबकाच्या प्रयोगात मी एक चूक केली होती. ती सांगण्याआधी ग्नूप्लॉटची गोष्ट.

१९८६ साल. अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठात थॉमस विल्यम्स डिफरन्शिअल इक्वेशन्स शिकत होता, कॉलिन केली विद्युतचुंबकत्व. वहीतलं गणित डोळ्यांना दिसावं, एवढीच दोघांची इच्छा. चिप डिझाइनच्या लॅबमधले कॉम्प्युटर सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं, त्यामुळे ग्राफिक्सचे पडदे हाताशी होते. 'न्यूप्लॉट' हे नाव दोघांना चाललं असतं, पण त्या नावाचा एक रद्दड प्रोग्रॅम आधीच होता. मग उच्चार तोच ठेवून स्पेलिंग बदललं. ग्नू प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही. पुढे हे फुकट सॉफ्टवेअर जगभरच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये पोचलं.

आमच्याही. मी लंबकाची लांबी आणि आवर्तनकाळाचा वर्ग भरला, रेघ शून्यातूनच जावी असं सांगितलं. तशी ती गेली. जर्नल पूर्ण! पण 'जी'ची किंमत चुकली.

सर म्हणाले, "रेघेला मोकळं सोड."

सोडली. ती शून्याच्या थोडी वरून गेली. मी फक्त दोरा मोजला होता. गोळ्याची त्रिज्या धरलीच नव्हती. चूक त्या फटीत स्पष्ट दिसत होती.

त्या दोघांनी ग्राफ बघण्यासाठी काढले. मी जर्नल भरण्यासाठी काढत होतो.