ब्लॅनफर्ड, हेन्री फ्रान्सिस

(३ जून १८३४–२३ जानेवारी १८९३). हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख, भूशास्त्रज्ञ व शास्त्रीय विषयांवरील ग्रंथकार. लंडन येथे जन्म व शिक्षण. थोरले बंधू विल्यम यांच्यासह १८५५ मध्ये ते हिंदुस्थानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले आणि ओरिसातील तालचेर या कोळशाच्या मुलखाची पाहणी करीत असता तेथील गोट्यांचा विचित्र थर प्राचीन हिमाने वाहून आणला असावा, असे अनुमान या बंधूंनी मांडले. उष्ण प्रदेशात हिम आले कोठून, ही शंका पुष्कळ दिवस घेतली गेली. कालांतराने अनुमान ग्राह्य ठरले.

१८६२ मध्ये खाते सोडून ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी त्या शहरावर कोसळलेल्या चक्री वादळाचा साद्यंत अहवाल त्यांनी भूमापन अधिकारी गॅस्ट्रेल यांच्या सहकार्याने सिद्ध केला आणि १८६७ मध्ये बंगाल सरकारने हवामानाचे दफ्तर त्यांच्या स्वाधीन केले. वादळामागोमाग ओरिसाचा दुष्काळ आला, १८७१ मध्येही पाऊस बिघडला. तेव्हा कोठे वरिष्ठ सरकारला जाग येऊन १८७५ मध्ये साऱ्या देशासाठी एक खाते स्थापन झाले व ब्लॅनफर्ड यांची त्यावर नेमणूक झाली. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी होती, अन्य प्रांतांतही नोंदी होत होत्या. परंतु प्रांतोप्रांतीची व्यवस्था निराळी असल्यामुळे त्यांची परस्परांशी तुलना करणे दुर्घट होते. उपकरणे, वेळा आणि नोंदीची रीत यांत एकसूत्रीपणा आणण्याचे हे नीरस काम त्यांनी चिकाटीने केले, आणि आमच्या मते त्यांची थोरवी त्यांच्या गाजलेल्या भाकितांपेक्षा यातच अधिक आहे.

खाते जेमतेम उभे राहते तोच १८७६–७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली आणि पावसाचे मान आगाऊ कळावे, अशी निकड सरकारला भासू लागली. ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये असे प्रतिपादन केले की, हिमालयावर वसंतात बर्फ अधिक व उशिरापर्यंत टिकले, तर सूर्याची उष्णता ते वितळविण्यातच खर्ची पडते, वायव्येकडील कोरडे वारे मैदानांवर जोर धरतात आणि नैर्ऋत्य मोसमी पाऊस दुबळा पडतो. या तत्त्वावर १८८२ पासून चाचणीदाखल अंदाज केल्यानंतर ४ जून १८८६ रोजी त्यांनी हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांसाठी पहिला नियमित दीर्घ मुदतीचा अंदाज जाहीर केला. केवळ बर्फावर इतका भार टाकणे धाडसाचे होते, हे पुढील वर्षांनी दाखविले. पुढे या खात्याचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या प्रदेशांतील वायुभाराची जोड देऊन ही पद्धत विस्तारली.

लेखक म्हणून ब्लॅनफर्ड यांची दृष्टी शिक्षकाची. हिंदुस्थानातील शाळांसाठी प्राकृतिक भूगोलाचे पाठ्यपुस्तक, वेधशाळांतील निरीक्षकांसाठी १८७७ मधील ‘व्हेडी-मेकम’ ही हस्तपुस्तिका आणि हिंदुस्थान, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश यांच्या हवामानावरील १८८९ चा मार्गदर्शक ग्रंथ ही त्यांची प्रमुख पुस्तके होत. हिंदुस्थान व आफ्रिका यांना जोडणारा प्राचीन भूखंड होता, असे मांडणारा त्यांचा १८७५ मधील निबंधही महत्त्वाचा. रॉयल सोसायटीने १८८० मध्ये त्यांना सदस्यत्व दिले. निवृत्तीनंतर इंग्लंडातील फोकस्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी स्थापिलेल्या खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले.