चाकाचे नट नेमके किती घट्ट आवळायचे?

शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याहून दौंडकडे निघालात आणि उसाच्या फडाशेजारी टायर पंक्चर झाला. स्टेपनी लावली, पान्यावर उभं राहून नट आवळले. झालं काम? नाही, चूक इथेच होते.

जास्त आवळलं तर काय होतं?
नट सैल राहिला तर चाक निखळू शकतं. पण गरजेपेक्षा जास्त आवळला तर स्टड ताणला जातो, आटे खराब होतात आणि पुढे तो तुटूही शकतो.

मग किती जोर लावायचा?
बहुतेक छोट्या कारसाठी ८० ते १२० न्यूटन मीटर टॉर्क लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा ओनर्स मॅन्युअलमध्ये असतो. १०० न्यूटन मीटर म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर साधारण २० किलोचा जोर. पाना २५ सेंटीमीटरचा असेल, तर ४० किलो. त्यावर ६० किलोचा माणूस उभा राहिला, तर टॉर्क १५० जवळ जातो!

योग्य पद्धत कोणती?
• आटे स्वच्छ पुसा, ऑईल-ग्रीस लावू नका.
• सगळे नट आधी हाताने फिरवा.
• समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा.
• जॅक उतरवून टॉर्क रेंचने शेवटचं आवळा.
• ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पंक्चरवाल्याने एअर गनने नट बसवले असतील, तरीही ही तपासणी टाळू नका.