गिऱ्हाईक

गिऱ्हाईक (नपुं.) : १. माल विकत घेणारी व्यक्ती. २. मालाला असलेली मागणी. ‘जुन्या भांड्यांना आता गिऱ्हाईक नाही’. ३. (लाक्षणिक) चेष्टेला किंवा फसवणुकीला सापडलेला माणूस.

मूळ संस्कृत शब्द ‘ग्राहक’, म्हणजे घेणारा. धातू ‘ग्रह्’, संग्रह, आग्रह, पाणिग्रहण हे त्याच कुळातले. मराठीत येताना आरंभीचे जोडाक्षर फुटले, मध्ये ‘इ’ शिरली आणि ‘ह’ आपली जागा सोडून ‘र’ला चिकटला. शेजारच्या भाषांतही हा ‘ह’ मोठा भटक्या. गुजराती ‘घराक’मध्ये तो ‘ग’ला जाऊन मिळाला, कोकणी ‘गिरायक’ आणि कन्नड ‘गिराकी’ यांत गळून पडला. हिंदी ‘गाहक’मध्ये मात्र जागेवर राहिला.

ग्राहक पुल्लिंगी, गिऱ्हाईक नपुंसकलिंगी. दुकानात बाई येवो की बुवा, ‘गिऱ्हाईक आलं’. कर्जदार किंवा खंडकरी या अर्थाचे ‘कूळ’ही असेच नपुंसकलिंगी आहे. व्यवहारात समोरच्याला माणूस म्हणून कमी आणि उत्पन्नाची बाब म्हणून जास्त पाहिले जाते, त्याची ही खूण मानायला हरकत नाही.

गिऱ्हाईक बांधलेले असते, तुटते, पटवावे लागते. फार घासाघीस करणारे ते चिकट. सणासुदीच्या खपाला ‘गिऱ्हाइकी’ म्हणतात. कट्ट्यावर एखाद्याला घेरून त्याची टर उडवली की ‘त्याचं गिऱ्हाईक केलं’.

तत्सम ‘ग्राहक’ने दरम्यान वेगळी वाट धरली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या चळवळीचे नाव ग्राहक पंचायत. १९८६ चा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा हिंदीत ‘उपभोक्ता संरक्षण’ म्हणून ओळखला जातो, मराठीत ‘ग्राहक संरक्षण’. हक्क ग्राहकाला, गिऱ्हाइकाला नाहीत, आणि दोघे एकच असतात असेही नाही. पुन्हा विकण्यासाठी माल उचलणारा किरकोळ दुकानदार घाऊक व्यापाऱ्याचे पक्के गिऱ्हाईक असतो. त्या मालापुरता कायदा त्याला ग्राहक मानत नाही. उलट, घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा माणूस त्या दुकानाची पायरी न चढताही कायद्याच्या लेखी ग्राहक ठरतो.